पंच क्रमांक दोन

दौलतरावांबद्दल सांगायचं म्हणजे आधी मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी लागते. त्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही. तेव्हा ते आधी उरकतो.

मी हिंदुराव. वांगणी स्टेशनपासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर आमचं निंबशेत. तिथे तलाठी कार्यालयासमोर माझं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड आणि दोन बाकडी. मूळचा मी इथला नाही. बाप साताऱ्याकडून अंबरनाथला कारखान्यात आला, मी तिथल्या चाळीत वाढलो, आणि लग्न झालं निंबशेतच्या गोदूशी. कारखाना बंद पडल्यावर बायकोच्या गावी येऊन राहिलो. त्यामुळे अख्खं गाव मला दाजी म्हणतं. सत्तर वर्षांची म्हातारी पण दाजी, पाच वर्षांचं पोर पण दाजी.

तलाठी कार्यालयासमोर चहा विकणाऱ्याला एक जोडधंदा आपोआप चिकटतो, तो म्हणजे पंच होण्याचा. कुणाची भिंत पडली, कुणाचा बांध सरकला, कुणाच्या गोठ्याला आग लागली की सरकारी माणूस जागेवर जाऊन बघतो, काय दिसलं ते लिहितो, आणि खाली दोन पंचांच्या सह्या लागतात. की बाबा, आम्ही तिथे उभे होतो, आमच्यासमोर लिहिलंय, खरं आहे. नियम असा की पंचांनी जागेवर जायचं. रिवाज असा की कागदच हॉटेलवर येतो. "दाजी, जरा एक सही," एवढं म्हणायचा अवकाश, मी ओला हात टॉवेलला पुसून सही ठोकायचो. सही पण अशी झोकदार, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. बघणारा म्हणायचा, वा दाजी!

गोदू कावायची. "अवो, वाचा तरी! उद्या माज्या घरात सवत आनून ठेवतील, आनि खाली तुमचीच सही असंल." मी हसायचो. म्हणायचो, सवत आली तर चहाला एक हात वाढेल.

पैसे मात्र कधी घेतले नाहीत. हे मी छाती फुगवून सांगायचो. आता वाटतं, घेतले असते तर निदान पैशापायी केलं असं तरी म्हणता आलं असतं. मी केलं ते मोठेपणासाठी. साहेब लोक पण दाजी म्हणून हाक मारतात, एवढ्यासाठी.

झालं. आता दौलतराव.

दौलतराव म्हणजे गोदूचे चुलतभाऊ. सहा फूट उंच, अंगावर मांस नावाला नाही, गळ्यात काळ्या दोरीत शिट्टी. तरुणपणी तीन वेळा पोलीस भरतीला गेले. पळण्यात पहिला नंबर, पण छाती अर्धा सेंटीमीटर कमी भरायची. तिसऱ्या वेळी मोजणारा हवालदार म्हणाला, "अरे, उद्यापासून केळी खा." यांनी महिनाभर केळी खाल्ली, पोट सुटलं, छाती होती तेवढीच. हा किस्सा ते स्वतःच सांगायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं स्वतःच हसायचे. पुढे बदलापूरला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून जन्म काढला. पण पहाट झाली की माळावर हजर.

गावाच्या उत्तरेला आमचा माळ आहे. चांगला मोठा, सपाट, एका अंगाला टेकडी. होळी तिथेच पेटते, क्रिकेटच्या मॅची तिथेच होतात, आणि आता वांगणीला नव्या बिल्डिंगी झाल्यात, तिथली माणसं संध्याकाळी फिरायला पण तिथेच येतात. त्या माळावर दौलतराव गावातल्या पोरापोरींना भरतीसाठी तयार करायचे. फक्कीनं पट्टे आखायचे, घड्याळ लावायचे आणि ओरडायचे. "पाय उचल, म्हशी! पोलिसात चाललीस का बाजाराला?" फी विचारली की म्हणायचे, वर्दी घालून एकदा समोर ये, तीच फी. आजवर अकरा जण वर्दीत समोर येऊन उभे राहिलेत. त्यातली किर्ती उल्हासनगरला कॉन्स्टेबल आहे. ती अजून आली की आधी माळावर जाते, मग घरी.

बारावी व्हायला हवी होती ती संध्या, त्यांची स्वतःची मुलगी. एकुलती एक.

दोन हजार तेराची गोष्ट. संध्या एकोणीस वर्षांची. भरती महिन्यावर आलेली. सकाळी गोळाफेकीचा सराव चालला होता. तिनं टाकलेला गोळा माळाच्या कडेला दगडांच्या राशीत गेला. दौलतराव वहीत आकडा लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "जा, घेऊन ये." ती गेली, तिनं फटीत हात घातला. आत फुरसं होतं, ते डसलं. आमच्या भागातल्या दगडांत ते असतं, सगळ्यांना माहीत आहे. आधी बदलापूर, मग उल्हासनगर, तिसऱ्या दिवशी पोर गेली.

पोलीस माळावर पंचनाम्याला आले तेव्हा दुसरा पंच म्हणून मी होतो. त्या दिवशी मी जागेवर गेलो. हवालदारांबरोबर एकेक पाऊल फिरलो. तिचा केसांचा रबर दगडाजवळ पडला होता, निळा. तो मी उचलून हवालदारांच्या हातात दिला. कागद दोनदा वाचला आणि मग सही केली. माझ्या आयुष्यातली ती एकच सही अशी, जी मी आधी बघून, मग वाचून केली.

त्यानंतर दौलतरावांनी माळावरचे दगड उचलायला घेतले. कुणाला काही बोलले नाहीत. रोज सकाळी पोरं पळायची आणि हे वाकून दगड वेचायचे. मोठे, लहान, मुठीएवढे, अंड्याएवढे. वेचलेल्या दगडांचा माळाभोवती गडगा रचत गेले, फट म्हणून ठेवली नाही, बारीक खडी आणि माती ठोकून बसवली. बारा वर्षं. आधी लोक म्हणाले, दुःखानं डोकं फिरलंय. मग म्हणायचे बंद झाले. बारा वर्षांत त्या माळावर एकाही पोराला काही चावलं नाही.

आणि आता माझी करामत ऐका.

गेल्या वर्षीचा मे महिना, भर दुपार. आमचा तलाठी आला. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण आमच्या तोंडात तलाठीच बसलंय. बरोबर राजू म्हणून एक जण, उल्हासनगर कॅम्प चारचा, पांढरे बूट, कानात ते वायर नसलेलं यंत्र. "काका, दोन कडक चाय. साखर कमती." मग तलाठ्यानं छापील कागद पुढे केला. "दाजी, जरा एक सही. गट नंबर एकशे बाराचा रूटीन पंचनामा आहे."

गट नंबर एकशे बारा! आता मला सांगा, गावात कोण जमीन नंबरानं ओळखतं? आमच्यात म्हणतात होळीचा माळ, वडाचं शेत, बामणाची पाटी. नंबर फक्त कागदात राहतात. दूध उतू चाललं होतं. एका हातानं मी गॅस बारीक केला, दुसऱ्या हातानं सही केली. खाली रेघ, दोन टिंबं. राजू म्हणाला, "क्या बात है काका, सही एकदम ऑफिसर टाइप." आणि मी, गाढव, खूश झालो. बिस्किटं वरून दिली.

सप्टेंबरात ग्रामपंचायतीच्या बोर्डावर नोटीस लागली. बदलापूरच्या एका क्रशरवाल्यानं निंबशेतच्या गट नंबर एकशे बारामध्ये दगडखाणीसाठी अर्ज केलाय, कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत कळवावी. त्याच दिवशी माळावर दोन माणसं आली आणि दौलतरावांनी आखलेल्या पट्ट्यांत लाल झेंड्या ठोकून गेली. तेव्हा कुठे गावाला उमगलं की गट नंबर एकशे बारा म्हणजे आपला माळ. मला पण तेव्हाच उमगलं, आणि तो राजू क्रशरवाल्याचा माणूस हेही.

पण वाटलं, सही कोण बघतंय? असे कागद फायलीत जातात आणि कुजतात.

दौलतरावांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच बदलापूरला झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. काळा चष्मा, वाचायला डॉक्टरांची बंदी. ऑक्टोबरात एका सकाळी ते हॉटेलवर आले, हातात पाकीट. माहितीच्या अधिकारात त्यांनी खाणीच्या फायलीच्या नकला मागवल्या होत्या, त्या आल्या होत्या.

"दाजी, वाचून दाखवा. सरकारी भाषा तुम्हालाच कळते. काय लिहिलंय बघू त्या भडव्यांनी."

मी वाचायला लागलो. "आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, मौजे निंबशेत येथील गट नंबर एकशे बारा ही जागा समक्ष पाहिली असता, सदर जागा पडीक व खडकाळ असून, तेथे कोणतीही वस्ती, लागवड अथवा सार्वजनिक वापर दिसून आला नाही. सदर ठिकाणी दगडखाणीस परवानगी दिल्यास कोणाचीही गैरसोय होणार नाही."

"खडकाळ?" दौलतराव म्हणाले. एवढंच. त्यांनी आपल्या हाताच्या तळव्यांवरून अंगठा फिरवला. बारा वर्षांत त्या तळव्यांची सालं निघून निघून कातडं झालं होतं.

मग म्हणाले, "आणि पंच कोण?"

पंच क्रमांक एक, बबन. तो क्रशरवाल्याचाच ट्रक चालवतो. पंच क्रमांक दोन मला वाचायची गरजच नव्हती. रेघ होती, रेघेखाली दोन टिंबं होती.

"एक बबन म्हणून आहे," मी म्हणालो. "दुसरं नाव उमटलं नाही नीट. झेरॉक्स खराब आहे."

झालं, सुटली जीभ. आधी चूक केली होती, आता पाप केलं. त्यांनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "कोण असेल हो हा दुसरा? माळावर न येता लिहून देतो, कोण येत नाही म्हणून. त्याच्या घरात पोरंबाळं नसतील का?" मी म्हणालो, "जाऊ द्या दौलतराव." त्यांना चहा दिला, आणि नकलांचं पाकीट जपून ठेवतो म्हणून गल्ल्यात ठेवून घेतलं. ते फुंकर मारून मारून प्यायले, मला दुवा देऊन गेले. "तुम्ही आहात म्हणून कागद कळतात, दाजी."

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. त्या दिवसापासून माझं सगळं बिघडलं. चहात साखर दोनदा पडायला लागली. माळावरून शिट्टीचा आवाज आला की मी कपबशा जोरात विसळायला लागायचो. दौलतराव रोज यायचे, आज किती हरकती जमल्या ते सांगायचे, आणि मी "छान, छान" म्हणत फडकं घेऊन तेच बाकडं पुसत बसायचो.

हरकती अडीचशे जमल्या. पण सुनावणीच्या आठ दिवस आधी किर्ती आली आणि तिनं सगळ्यांना हॉटेलवर बसवून सांगितलं, "काका, नुसत्या हरकतींनी नाय होणार. सातबाऱ्यावर लिहिलंय पोटखराब, खडक. मैदान असा शब्द कुठेच नाय. आपण मोबाइलचे फोटो दाखवू, तर त्यांचा वकील बोलेल, काल काढले. त्यांच्याकडे सरकारी पंचनामा आहे. आपल्याला पण सरकारी कागद पायजे. जुना. ज्याच्यात लिहिलंय की तिथं गाव खेळतं."

सगळे डोकं खाजवायला लागले. ग्रामपंचायतीत काही नाही, शाळेत काही नाही. आणि मी कपबशा विसळत होतो, आणि मला माहीत होतं असा एक कागद आहे. दोन हजार तेराचा पोलिसांचा पंचनामा. त्यात मैदान हा शब्द होता, कारण हवालदारांनी विचारलं होतं की या जागेला काय म्हणायचं, आणि मीच म्हणालो होतो, मैदान लिहा. त्याची नक्कल दौलतरावांकडेच होती. पण मुलीच्या मरणाचा कागद खाणीच्या भांडणात काढायचं त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं. आणि दुसऱ्या कुणाला तो कागद माहीतच नव्हता.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोन्ही पंचनामे साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले असते. दोन्हीवर पंच क्रमांक दोन, रेघ आणि दोन टिंबं. माळ वाचवणारा कागद तोच, आणि मला गावासमोर नागडा करणाराही तोच. तर हा तुमचा दाजी काय करतो? गप्प बसतो. एक दिवस नाही, चांगले चार दिवस. त्या चार दिवसांचा हिशेब मला वर जाऊन द्यावा लागेल.

पाचव्या दिवशी गोदूनंच विचारलं. "तुमाला झालंय काय? कुनी मेल्यागत तोंड करून बसताव."

मी सांगितलं. सही, खोटं वाचन, कागद, सगळं. ती आलं किसत होती. किसणी खाली ठेवली. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दौलूदादाला आंधला समजून फसवलात?" ती म्हणाली. "जा. आत्ता जा. चाय मी बगते."

माळावर गेलो. पाचसहा पोरी पळत होत्या. दौलतराव गडग्यापाशी वाकले होते. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून हातानं चाचपून दगड शोधत होते.

"दौलतराव, त्या पंचनाम्यावरची दुसरी सही माझी आहे."

ते वाकलेलेच राहिले.

"मी वाचला नव्हता. गट नंबरावरून मला कळलं नाही की हा आपला माळ."

"समजलं," ते म्हणाले. "अर्ध्या गावाच्या कागदांवर तुमच्या सह्या आहेत. चूक होते माणसाची." मग हळूच सरळ झाले. "पण मी वाचायला दिला तेव्हा?"

मी चपलेनं माती उकरत राहिलो.

"नाव उमटलं नाही म्हणालात."

"हो."

"मला दिसत नव्हतं म्हणून."

"हो."

हातातला दगड त्यांनी गडग्यावर ठेवला, अंगठ्यानं दाबून बघितला, हलत नाही ना. मी कसंबसं पुढचं बोललो. की संध्याच्या वेळचा पंचनामा काढला तर माळ वाचेल, आणि मी साहेबांसमोर माझं खोटं कबूल करीन. तिचं नाव त्यांच्यासमोर बारा वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. मी घेतलं, ते पण अशा वेळी. त्यांनी शिट्टी वाजवली. पोरी थांबल्या. "आज बास," म्हणाले आणि चालायला लागले. दौलतरावांनी सराव मधेच थांबवलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. कागद आणणार की नाही, कुणाला काही कळेना. विचारायचं कोणी? मी तर त्या रस्त्यानं जायचंच सोडलं होतं.

सुनावणी उल्हासनगरला प्रांतसाहेबांसमोर होती. गावातनं तीसेक माणसं आली होती. किर्ती रजा टाकून साध्या कपड्यांत आली होती. मी आणि गोदू भिंतीला लागून उभे. क्रशरवाल्याच्या वकिलानं फटाफट सांगून टाकलं. सरकारी पडीक जमीन, खडक, शून्य वापर, हा पंचनामा. साहेबांनी विचारलं, "हरकतदारांकडे काही पुरावा?"

दौलतराव उठले. बगलेतून प्लास्टिकची फाईल काढली. भरतीच्या फॉर्मसाठी पोरं घेतात तसली, वर संध्याच्या अक्षरात तिचं नाव. त्यातून घडीचा कागद काढून टेबलावर ठेवला.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "हे हिंदुराव कोण? आलेत का?"

गोदूनं मला मागून ढकललं. मी पुढे गेलो.

"दोन्हीकडे सही तुमची?"

"हो साहेब."

"एका कागदात सार्वजनिक वापर नाही म्हणता, दुसऱ्यात मैदान म्हणता. कोणतं खरं?"

"मैदान खरं साहेब. मे महिन्यातल्या कागदावर मी न बघता, न वाचता सही केली. जागेवर गेलोच नव्हतो. हॉटेलात उभ्या उभ्या केली."

मागे गावातली माणसं एकदम कुजबुजली. कुणीतरी म्हणालं, "अरे, आपले दाजी?" ते दोन शब्द माझ्या पाठीत अजून आहेत.

वकील हसला. "साहेब, हा माणूस स्वतःच सांगतोय की तो खोट्या सह्या करतो. मग जुनी सही तरी कशावरून खरी? दोन्ही सोडून द्या."

बरोबरच बोलला हो तो! माझ्या शब्दाला किंमत राहिली नव्हती, आणि ती मीच घालवली होती. क्षणभर मला वाटलं, माझ्यापायी हा कागदही गेला. पण बोललो.

"साहेब, मेच्या कागदात दगड आहे लिहिलंय. कुठल्या बाजूला, किती, काय, काही नाही. कारण कुणी गेलंच नव्हतं. जुना कागद वाचून बघा. त्यात एक रबर आहे, केसांचा. निळा. तो मी उचलला होता."

साहेबांनी कारकुनाला खूण केली, वाचा म्हणून. कारकुनानं कागद उचलला, तेवढ्यात दौलतराव म्हणाले, "साहेब, हिंदुराव वाचतील."

लग्न झाल्यापासूनच्या बत्तीस वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती. मग माझ्याकडे वळले. चष्मा काढला होता. एक डोळा लाल, एक पांढुरका.

"या वेळी खालपर्यंत वाचा."

मी वाचलं. "सदर जागा ही गावातील सार्वजनिक मैदान असून, सकाळी गावातील मुलेमुली धावण्याचा व गोळाफेकीचा सराव करतात, सायंकाळी ग्रामस्थ फिरावयास येतात. मैदानाच्या पूर्व बाजूस अंदाजे तीन फूट उंचीची दगडांची रास आहे. राशीतील फटीत लोखंडी गोळा वजन चार किलो मिळून आला. राशीलगत मयत संध्या हिचा निळ्या रंगाचा केसांचा रबर मिळून आला." मयत या शब्दावर मी अडखळलो. दौलतराव समोर बघत उभे होते. मी पुन्हा सुरू केलं. तारीख वाचली, वेळ वाचली, हवालदारांचं नाव वाचलं, पंच क्रमांक एक वाचला. आणि मग पंच क्रमांक दोन, माझं नाव, पूर्ण, बापाच्या नावासकट.

साहेब म्हणाले, "मी स्वतः जागा बघायला येतो."

आले. चौथ्या दिवशी. सकाळीच आले, पोरं पळत असताना. गडगा बघितला, हात लावून बघितला, हा कुणी बांधला विचारलं. नवा पंचनामा तिथेच लिहिला गेला. पंच पाहिजेत म्हटल्यावर सगळे माझ्याकडे सोडून इकडे तिकडे बघायला लागले. गोदू पुढे झाली. "मी हाय." तिनं साहेबांना माळाचे चारही कोपरे फिरवले. कागद दोनदा वाचून घेतला, मधेच थांबवून म्हणाली, "होलीचं राहिलं. होली पन हितंच पेटते, लिवा." साहेबांनी लिहिलं. मग तिनं एकेक अक्षर जोडत सही केली. तिला एवढा वेळ लागला की मला खाली बघावं लागलं.

महिन्याभरानं निकाल आला. खाणीचा अर्ज नामंजूर. सातबाऱ्यावर क्रीडांगण म्हणून नोंद घ्यायचं प्रकरण वर पाठवलंय, ते होईल तेव्हा होईल. तलाठ्याची चौकशी लागली, माझाही जबाब झाला. अजून पुढे काय होईल ठाऊक नाही, आणि जे होईल ते कमीच आहे. गावानं गुलाल उधळला, दौलतरावांना खांद्यावर घेतलं. मला कुणी काही बोललं नाही. चहा प्यायला येतात. कागद मात्र कुणी आणत नाही.

मी आता रोज सकाळी माळावर जातो. हॉटेल गोदू उघडते. मला कुणी बोलावलं नाही, मीच जातो. पावसानं माती वाहिली की खालचे दगड वर येतात, ते वेचतो. दौलतरावांनी मला नको म्हटलं नाही, ये पण म्हटलं नाही. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, आता त्यांना चांगलं दिसतं. कधीतरी लांबून विचारतात, "हिंदुराव, पूर्वेची बाजू झाली?"

"झाली."

"नीट बघितली?"

"बघितली."

मग ते शिट्टी पोरींकडे देतात, चालत येतात, आणि जी बाजू मी बघितलेली असते, ती वाकून, हातानं चाचपून, या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा बघतात. त्यांचं होईपर्यंत मी बाजूला उभा राहतो.